ब्रॅम स्टोकरचं हेन्री आयर्व्हिंगवरचं पुस्तक: छपाईला दोन स्टार, आतल्या पत्रव्यवहाराला पाच

आधी खरेदीचं सांगते, म्हणजे ज्यांना घ्यावं की नाही एवढंच बघायचंय त्यांचा वेळ जायला नको. ब्रॅम स्टोकरचं 'पर्सनल रेमिनिसन्सेस ऑफ हेन्री आयर्व्हिंग', मूळ १९०६ चं, दोन खंडांतलं, त्याचा हल्लीचा रीप्रिंट मी ऑनलाइन मागवला, दोन्ही खंड मिळून साडेबाराशे पडले, पाच दिवसांत ठाण्याला नौपाड्यात घरपोच आलं. पॅकिंग चांगलं होतं. पुस्तक मात्र उघडल्या उघडल्या कडकन आवाज आला आणि पहिल्या खंडाचं पान ४० पासून पुढचा गठ्ठा हातात आला, कारण शिलाई नाहीच, नुसता गोंद फासलेला. जुन्या प्रतीवरून स्कॅन करून छापलेलं आहे, त्यामुळे कुठे अक्षर जाड कुठे पुसट, एका पानावर तर स्कॅन करणाऱ्याचा अंगठाच छापलाय, फोटो सगळे काळेठिक्कर, आणि दुसऱ्या खंडात सोळा पानं दोनदा आणि त्याच्या पुढची सोळा गायब. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तीन मेल केले, चौथ्यांदा उत्तर आलं की बदलून देऊ, दिलं पण, पण बदलून आलेल्या खंडाचीही बाइंडिंग तीच. तर छपाईला दोन स्टार, तेही पानं पूर्ण आली म्हणून.

आणि तरीही सांगते, घ्या.

हो, ब्रॅम स्टोकर म्हणजे तोच, ड्रॅक्युलावाला. पण हा माणूस पोटापाण्याला काय करत होता हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. तो लंडनच्या लायसियम थिएटरचा बिझनेस मॅनेजर होता, म्हणजे आपल्या भाषेत नाटक कंपनीचा व्यवस्थापक, आणि मालक होता हेन्री आयर्व्हिंग, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला इंग्लंडचा सगळ्यात मोठा नट. १८७८ पासून १९०५ मध्ये आयर्व्हिंग गेला तोपर्यंत सत्तावीस वर्षं ही जोडी होती. ड्रॅक्युला त्याने हे काम सांभाळून लिहिलं, १८९७ मध्ये आलं, आणि नाटकाचे हक्क आपल्याकडे राहावेत म्हणून त्याचं एक जाहीर वाचन लायसियमच्याच स्टेजवर झालं होतं.

मला या पुस्तकात इंटरेस्ट का, तर माझे धाकटे काका एका फिरत्या नाटक कंपनीचे व्यवस्थापक होते. नट नाहीत, दिग्दर्शक नाहीत, व्यवस्थापक. कोकणातल्या कंत्राटदाराला पत्र, नाशिकच्या थिएटरला तारखांसाठी पत्र, एखाद्या नटाची नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, वाढवून द्यायची का याबद्दल निर्मात्याला पत्र, आजारी पडलेल्या नटीच्या घरी मनीऑर्डर आणि सोबत चार ओळी. आमच्या जुन्या चाळीत त्यांची पत्र्याची ट्रंक होती, आत सगळी इनलँड आणि पोस्टकार्डं, गावाप्रमाणे सुतळीने बांधलेली. चाळ रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सगळ्या सामानाची घाई झाली आणि ती ट्रंक आमच्याच घरच्यांनी रद्दीत घातली. मी तेव्हा ऑफिसात होते, संध्याकाळी आले तर ट्रंक रिकामी करून धुवून ठेवलेली. एकच पोस्टकार्ड शिल्लक राहिलं, ते एका पंचांगात अडकलं होतं. त्यात काकांनी एका थिएटरच्या व्यवस्थापकाला लिहिलंय की पाऊस धरला तर प्रयोग दुसऱ्या दिवशी घेऊ, पण विंगेतल्या पत्र्यातून गळतं ते आधी बघून घ्या, मागच्या वेळी कपडेपटातली दोन पातळं भिजली होती. बाकी सगळं गेलं. त्यामुळे कुठल्या नाटक कंपनीचा पत्रव्यवहार कुणीतरी जपून ठेवलाय असं कळलं की मी थांबू शकत नाही.

आयर्व्हिंगच्या बाबतीत बरंच काही जपलं गेलंय. स्टोकरकडे आलेली आणि त्याच्यामार्फत आयर्व्हिंगला आलेली पत्रं इंग्लंडात लीड्स विद्यापीठाच्या ब्रॉदर्टन लायब्ररीत आहेत. आपल्याला तिथे जाणं होणार नाही, म्हणून हे पुस्तक. एक स्पष्ट सांगते, हा पत्रसंग्रह नाही, आठवणी आहेत, पण आठवणी सांगणारा माणूसच रोज टपाल फोडणारा आणि मालकाच्या नावाने उत्तरं लिहिणारा असल्यामुळे पानापानात पत्रं, चिठ्ठ्या, तारा, आमंत्रणं असं चाललेलं असतं. आयर्व्हिंगच्या सहीने गेलेली कितीतरी पत्रं स्टोकरनेच लिहिलेली होती. म्हणजे मोठा नट बाहेरच्या जगाशी बोलायचा तो बराचसा स्टोकरच्या हाताने.

त्यांची ओळख झाली तीच लिहिण्यातून. १८७६ मध्ये आयर्व्हिंग डब्लिनला हॅम्लेट घेऊन गेला होता आणि स्टोकर तेव्हा तिथे सरकारी नोकरीत, डब्लिन कॅसलमध्ये, आणि फावल्या वेळात एका संध्याकाळच्या पेपरात नाटकांवर लिहायचा, बिनपैशाचं. त्याने हॅम्लेटवर लिहिलेलं वाचून आयर्व्हिंगने त्याला जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर एक लांबलचक कविता अशी म्हणून दाखवली की स्टोकरला स्वतःला आवरता आलं नाही, तो लिहितो की जवळजवळ हिस्टेरियाचा झटकाच आला. आयर्व्हिंग आत गेला आणि स्वतःचा फोटो सही करून घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं, प्रिय मित्र स्टोकर, देव तुझं भलं करो, देव तुझं भलं करो, तारीख ३ डिसेंबर १८७६. पहिल्या वाक्याला एक उद्गारचिन्ह आणि दुसऱ्याला दोन. मला ती दोन उद्गारचिन्हं इतकी आवडली की मी त्या पानावर बराच वेळ थांबले. एवढ्या मोठ्या नटाने एका सरकारी कारकुनाला लिहिलेल्या दीड ओळी, त्यावर त्या माणसाने पुढची सगळी हयात घालवली.

सरकारी नोकर हा मुद्दा माझ्यासाठी मोठा आहे, कारण मीही सरकारी कार्यालयात हिशोब बघते आणि संध्याकाळी हौशी ग्रुपची प्रॉम्प्टर असते, राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत तर ऑफिस सुटलं की थेट तालमीला. ठाण्यात अशी कितीतरी माणसं आहेत, झेडपीतली, कोर्टातली, बँकेतली. स्टोकरचं पहिलं पुस्तक कुठलं माहितीये का, आयर्लंडच्या छोट्या कोर्टांतल्या कारकुनांनी काय काय कामं करावीत याचं मार्गदर्शन! ते १८७९ मध्ये आलं, तोवर स्वारी नोकरी सोडून लंडनला गेलेली होती. ४ डिसेंबर १८७८ ला लग्न केलं आणि आठवड्याच्या आत आयर्व्हिंगच्या कामावर हजर, कारण ३० डिसेंबरला आयर्व्हिंगच्या ताब्यातलं लायसियम उघडायचं होतं, हॅम्लेटने. बायकोची काय अवस्था झाली असेल याबद्दल स्टोकर फार बोलत नाही, आणि मला ते खटकलं.

(एक आठवलं म्हणून लिहिते, आपलं गडकरी रंगायतन १९७८ चं. म्हणजे आयर्व्हिंगने लायसियम हातात घेतल्याला तेव्हा शंभर वर्षं होत होती. गडकरीच्या आवारात उभी असताना मला हे उगाचच आठवतं आणि बरं वाटतं.)

त्याच १८७८ च्या जुलैमधलं एक पत्र मात्र या पुस्तकाबाहेर शोधावं लागतं, ते एलन टेरी या नटीच्या आत्मचरित्रात आहे, १९०८ मध्ये आलेल्या. लायसियमसाठी नायिका हवी होती. आयर्व्हिंगने टेरीला लिहिलं की येत्या मंगळवारी दुपारी दोन वाजता भेटायला येतो, बस. ना स्तुती ना पैशाची गोष्ट. आणि आला तो कुत्र्याला घेऊन, आणि त्या कुत्र्याने तिच्या घरात नको तो पराक्रम केला. त्या भेटीतून पुढे वीसहून जास्त वर्षं चाललेली जोडी झाली, ऑफेलिया, पोर्शिया, लेडी मॅकबेथ सगळं त्यातूनच आलं. मी आमच्या ग्रुपमध्ये नवीन मुलीला भूमिकेसाठी मेसेज करताना पाच परिच्छेद लिहायचे, आता दोन ओळी लिहिते.

आता पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता भाग, एडविन बूथचा. बूथ म्हणजे अमेरिकेचा सर्वात मोठा नट, आणि दुर्दैवाने अब्राहम लिंकनला गोळी घालणाऱ्याचा सख्खा भाऊ. तो १८८० मध्ये लंडनला आला, दुसऱ्या एका थिएटरमध्ये प्रयोग केले, ते हवे तसे चालले नाहीत, त्यात त्याची बायको आजारी. त्याने आयर्व्हिंगला विचारलं की तुमच्याकडे दुपारचे काही प्रयोग करता येतील का. विचार करा, आपल्या देशातला एक नंबरचा नट परक्या शहरात येऊन प्रतिस्पर्ध्याकडे दुपारचे स्लॉट मागतोय. यावर किती प्रकारची उत्तरं देता आली असती. आयर्व्हिंगने दुपारचे प्रयोग बाजूला ठेवले आणि उलट सुचवलं की आपण दोघं रात्रीचाच प्रयोग एकत्र करू, ऑथेल्लो करू, एकदा मी ऑथेल्लो तुम्ही इयागो, मग उलट. २ मे १८८१ ला तो सुरू झाला, डेस्डेमोना एलन टेरी. स्टॉलचं, म्हणजे पुढच्या खुर्च्यांचं, तिकीट अर्ध्या गिनीचं एक गिनी केलं तरी लोक येतच राहिले. स्टोकर इथे फार तपशिलात लिहितो, आणि मला सगळ्यात भिडलं ते असं की आयर्व्हिंगने मदत अशी केली की घेणाऱ्याला ती मदत वाटू नये, बरोबरीचं आमंत्रण वाटावं.

हे वाचताना आपल्या माणसाला संयुक्त मानापमान आठवल्याशिवाय राहणारच नाही. ८ जुलै १९२१, मुंबई, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर, दोन कंपन्यांचे दोन मालक एका रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी. आणि तीन महिन्यांत केशवराव गेले. त्या प्रयोगाच्या तिकिटांच्या, गर्दीच्या, कोणी कुठलं पद कसं म्हटलं याच्या गोष्टी आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतोय, पण मला वाचायचंय ते वेगळंच. आधी कोणी कोणाला विचारलं, कुठल्या शब्दांत विचारलं, दोन्ही बाजूंचे व्यवस्थापक काय काय ठरवत होते, कपडेपट कुणाचा, ऑर्गन कुणाचा, नाव आधी कुणाचं छापायचं. लायसियमच्या बाबतीत असं काम करणारा माणूस स्वतः लिहायला बसला म्हणून आपल्याला आतलं दिसतं.

काळाचंही गंमत म्हणून बघा. आयर्व्हिंग लायसियमला हॅम्लेट करत होता त्या काळात इकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल आलं, १८८०. आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणलं ते 'विकारविलसित', १८८३, आणि पुढे शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोश्यांनी तो रोल गाजवला. त्याच १८८३ च्या ऑक्टोबरात आयर्व्हिंग, टेरी, स्टोकर आणि अख्खी कंपनी बोटीने न्यूयॉर्कला पोचली होती, पहिल्या अमेरिका दौऱ्याला. एकूण आठ दौरे झाले. सेट, कपडे, माणसं, सगळं समुद्रावरून आणि मग रेल्वेने गावोगाव. स्टोकरने या दौऱ्यांच्या व्यवस्थेबद्दल लिहिलेलं वाचताना काकांची बस आठवते, टपावर बांधलेला नेपथ्याच्या फ्लॅटचा ढीग आणि खाली पहिल्या सीटवर मांडीवर वही घेऊन बसलेले काका.

भांडणाची पत्रं हवी असतील तर बर्नार्ड शॉकडे जावं लागतं, ती इथे नाहीत म्हणून मी दुसऱ्या पुस्तकाचाही उल्लेख करतेय. एलन टेरी आणि शॉ यांचा पत्रव्यवहार १८९२ मध्ये सुरू झाला आणि १९३१ मध्ये पुस्तक म्हणून छापला गेला, माझ्या वाशीच्या मैत्रिणीकडे त्याची जुनी प्रत आहे, ती मी महिनाभर आणली होती. कित्येक वर्षं दोघं भेटलेसुद्धा नाहीत, नुसती पत्रं. शॉ तेव्हा नाटकाचा टीकाकार, आणि त्याला टेरीने आयर्व्हिंगच्या सावलीतून बाहेर पडून नवीन नाटकं करावीत असं वाटत होतं. त्याने नेपोलियनवर एक एकांकिका लिहिली होती, ती आयर्व्हिंगने करावी म्हणून टेरी मध्ये पडली होती, दोन्हीकडून तिची ओढाताण. मग १८९६ च्या डिसेंबरात आयर्व्हिंगचा रिचर्ड तिसरा आला, त्यावर शॉने असं काही लिहिलं की आयर्व्हिंग प्यायलेला होता असं त्यातून सुचवलंय असा बऱ्याच जणांचा समज झाला. शेवटी शॉचं ते नाटक परत गेलं आणि आयर्व्हिंगने शॉला लिहिलं की तुमची समीक्षा मी आयुष्यात कधी वाचलेली नाही, गमतीदार आणि भरकटलेली पानं पुष्कळ वाचली, पण जिला समीक्षा म्हणता येईल अशी नाही. वाचताना मी शॉच्या बाजूची होते, कारण आयर्व्हिंगने नवीन लेखकांना लायसियममध्ये खरंच फारशी जागा दिली नाही, इब्सेनच्या नव्या वास्तववादी नाटकांचं वारं सगळीकडे वाहत असताना हा शेक्सपिअर आणि जुन्या मेलोड्रामातच राहिला. पण पत्र म्हणून ते उत्तर फार सणसणीत आहे, मानलंच पाहिजे. स्टोकरच्या पुस्तकात मालकाची ही बाजू तुम्हाला दिसणार नाही.

आणि हीच स्टोकरची अडचण आहे. तो आयर्व्हिंगवर इतकं प्रेम करतो की काही ठिकाणी वाचवत नाही. पानंच्या पानं पाहुण्यांची नावं, लायसियममध्ये बीफस्टेक रूम नावाची जेवणाची खोली होती, प्रयोग संपल्यावर तिथे मेजवान्या व्हायच्या, तिथे कोण कोण येऊन गेलं त्याची यादी, लॉर्ड अमुक, लेडी तमुक, ती सरळ उलटून टाका. आयर्व्हिंगच्या संसाराबद्दल मौन. 'द बेल्स' या नाटकाच्या पहिल्या रात्रीची गोष्ट, २५ नोव्हेंबर १८७१, ज्या रात्री आयर्व्हिंग खऱ्या अर्थाने मोठा झाला, घरी परतताना गाडीत बायको म्हणाली की आयुष्यभर असाच स्वतःचा तमाशा करत राहणार आहेस का, आणि त्याने हाइड पार्क कॉर्नरला गाडी थांबवली, उतरला, तो पुन्हा कधी तिच्याकडे गेलाच नाही, ही गोष्ट नातवाने लिहिलेल्या चरित्रात आहे, १९५१ च्या. स्टोकर असल्या गोष्टींना हात लावत नाही. टेरीबद्दल भरभरून लिहितो पण तेही जपून.

पैशाच्या बाबतीत मात्र तो गप्प बसत नाही, व्यवस्थापकच तो. १८ फेब्रुवारी १८९८ ची पहाट. लायसियमचे सेट साउथवार्कमधल्या बेअर लेनला रेल्वेच्या कमानींखाली ठेवलेले असायचे, तिथे आग लागली आणि चव्वेचाळीस नाटकांचं नेपथ्य जळून गेलं. त्याच्या थोडं आधी खर्च कमी करायला म्हणून आयर्व्हिंगने विमा दहा हजार पौंडांवरून सहा हजारांवर आणायला लावला होता. हे प्रकरण मी एका बैठकीत वाचलं, लोकलमध्ये, आणि घणसोलीला उतरायचं ते रबाळ्याला लक्षात आलं की स्टेशन मागे गेलं. आपल्याकडे एखाद्या ग्रुपचा एक सेट पावसात गेला तर स्पर्धेतून नाव काढावं लागतं, इथे वीस वर्षांचं सगळं भांडवल एका सकाळी गेलं, म्हणजे जुनी चालणारी नाटकं पुन्हा लावून पैसा उभा करायचा रस्ताच बंद. त्यानंतर आजारपण, मग १८९९ मध्ये लायसियम एका कंपनीच्या ताब्यात, १९०२ मध्ये तिथला शेवटचा प्रयोग, आणि म्हातारपणी पुन्हा दौरे. विम्याची ती एक ओळ लिहिताना स्टोकरचा हात थरथरला असेल असं मला वाटतं, कारण विम्याचे कागद तोच बघत असणार.

मदत मागणाऱ्या पत्रांबद्दलही सांगायला हवं. काम नसलेले नट, मेलेल्या नटांच्या बायका, आजारी पडलेले लोक, सगळे आयर्व्हिंगला लिहायचे, आणि तो देण्यात हात आखडता घेणारा नव्हता. १८८२ मध्ये नटांसाठी मदत फंड निघाला त्यात तो पुढे होता. १८९७ च्या डिसेंबरात विल्यम टेरिस, एकेकाळी लायसियममध्ये काम केलेला लाडका नट, अडेल्फी थिएटरच्या दारातच भोसकून मारला गेला, मारणारा कोण तर काम गेलेला, डोकं फिरलेला एक किरकोळ नट, ज्याला टेरिसने स्वतः मदत मिळवून दिली होती. राणीचा सांत्वनाचा निरोप टेरिसच्या बायकोकडे घेऊन गेला तो आयर्व्हिंग. मला वाटतं त्या काळातल्या सगळ्या नटमंडळींचं कुटुंबप्रमुखपण त्याच्याकडे आपोआप आलं होतं. १८९५ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, असा मान मिळालेला तो पहिलाच नट. त्याआधी १८८३ मध्ये विचारलं तेव्हा त्याने नाही म्हटलं होतं. पदवी मिळाल्यावर नटमंडळींनी त्याला जे अभिनंदनपत्र दिलं त्यावर चार हजारांच्या आसपास सह्या होत्या, आणि ते ठेवायला सोन्याची आणि स्फटिकाची पेटी, तिचं डिझाइन फोर्ब्स-रॉबर्टसनने केलेलं, जो स्वतः नट आणि चित्रकार. चार हजार सह्या गोळा करणं म्हणजे काय काम असतं हे ज्याने सोसायटीत साठ सह्या गोळा केल्यात त्याला विचारा.

शेवटचं प्रकरण ब्रॅडफर्डचं. १३ ऑक्टोबर १९०५, टेनिसनचं 'बेकेट' हे नाटक, शेवटच्या प्रवेशात बेकेट स्वतःला देवाच्या हाती सोपवतो तेच आयर्व्हिंगचे स्टेजवरचे शेवटचे शब्द, हॉटेलवर परतला आणि लॉबीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेला, सोबत त्याचा जुना ड्रेसर, म्हणजे कपडे चढवणारा मदतनीस. स्टोकरला बोलावून घेतलं. इथे स्टोकर अचानक साधं लिहायला लागतो, बाकी पुस्तकभर जो अलंकारिक असतो तो इथे हिशोबनीसासारखा, किती वाजले, कोण होतं, कुठे होतं. मला ही पानं सगळ्यात खरी वाटली. मग तारा, रात्रभर तारा. आठवडाभरात वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याच्या अस्थी ठेवल्या गेल्या.

आता ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी. इंग्रजी जड आहे, जुन्या पद्धतीची लांब वाक्यं, पण रोज वीस पानं ठेवली तर महिनाभरात होतं. माझ्यासारखं नुसत्या गोंदाच्या बाइंडिंगचं आलं तर परत पाठवण्याच्या भानगडीत पडू नका, फक्त पानं मोजून घ्या आणि बाइंडरकडे द्या. मी ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला जुन्या बाजाराच्या गल्लीत एक वयस्कर बाइंडर आहेत त्यांच्याकडे दिलं, दुकानाला पाटी नाही, कोर्टाचे आणि ऑफिसांचे रजिस्टर बांधतात. मी म्हटलं काका, पुन्हा शिवता येईल का. त्यांनी पाठ बोटाने दाबून बघितली, म्हणाले, "ताई, सुटी पानं आहेत, जुजबंदी होणार नाही, भोकं पाडून शिवावं लागेल, आतली मार्जिन थोडी जाईल, चालेल?" चालेल म्हटलं (जुजबंदी म्हणजे पानांच्या घड्या करून त्या शिवणं). सगळा जुना गोंद खरवडून काढला, शिकंज्यात धरलं, दोऱ्याने शिवलं, पाठीला कापड लावलं, वर जाड पुठ्ठा आणि मरून रेक्झिन. दोन्ही खंडांचे मिळून चारशे रुपये आणि तीन दिवस. आता सपाट उघडत नाही, डाव्या पानाचं शेवटचं अक्षर बघायला अंगठ्याने दाबून धरावं लागतं, पण एकही पान हलत नाही.

बजेट कमी असेल तर स्टोकरचं मूळ पुस्तक कॉपीराइटमधून केव्हाच मोकळं झालंय, फुकट डिजिटल प्रत मिळते, ती वाचून बघा आणि बूथचं प्रकरण आवडलं तरच छापील मागवा. नाटकात काम करणाऱ्यांपेक्षा नाटक चालवणाऱ्यांनी हे आधी घ्यावं असं मी म्हणेन, म्हणजे तारखा बघणारे, हिशोब बघणारे, फोन उचलणारे. आमच्या ग्रुपच्या व्यवस्थापकाला मी पहिला खंड दिलाय. तो म्हणाला मला वेळ कुठेय, मी म्हटलं पहिली पन्नास पानं वाच आणि ग्रुपची सगळी जुनी पत्रं, निमंत्रणं, थिएटरच्या पावत्या ज्या तुझ्या गाडीच्या डिकीत पडल्यात त्या एका फाइलमध्ये लावून मला आणून दे. फाइल आली, पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे.